क्रौंचमातेचे मौन

"आजचं माझं शेवटचं स्वगत पलीकडच्या तीरावरच्या चर्चमध्ये पाद्रीबुवांना ऐकू गेलं नाही, तर नावाचा ऑब्रे लव्हरिज नाही मी!"

अशी प्रतिज्ञा करून ऑब्रे व्हॅनमागे गेला आणि घसा मोकळा करू लागला. इंग्लंडातल्या सॉमरसेटच्या सखल भूमीवर जूनमधल्या सकाळी धुके असे पसरलेले असते, की डोळे उघडावेत की नाही याचा निर्णय पृथ्वीने अद्याप केलेलाच नाही, असे वाटावे. त्या धुक्यात बोरूची बेटे तरंगत होती, आणि ऑब्रेचा 'हाऽऽ, हेऽऽ, होऽऽ' त्यांमधून एखाद्या वाट चुकलेल्या वळूप्रमाणे हिंडत होता.

पाणथळीच्या अभयारण्यात येणाऱ्या शालेय सहलींसाठी त्याने एक नाटक रचले होते. दलदली आटल्या, क्रौंच नाहीसे झाले, आणि अखेरचा क्रौंच मरता मरता मानवजातीला चार शब्द सुनावतो, हे त्याचे कथानक. ते चार शब्द बोलून संपायला बराच वेळ लागे. सबंध हिवाळा त्याने त्यांवर खर्ची घातला होता. आयुष्यभर राजांच्या मागे भाला धरून उभे राहिलेल्या या नटाच्या वाट्याला प्रमुख भूमिका एकदाच आली होती. तेव्हा स्वगत अर्ध्यावर असतानाच निम्मे सभागृह उठून गेले होते. ती खुर्च्यांची खडखड त्याला अजून स्वप्नात ऐकू येई. आज मात्र तो ती कायमची बंद करणार होता.

त्याच वेळी अभयारण्याच्या फाटकापाशी हेस्टरबाई सहलीला आलेल्या मुलांना समजावीत होत्या. क्रौंचाची अंडी उबवून पिल्ले वाढविणे आणि ती रानात सोडणे, हे त्यांचे व्रत.

"हे बघा पोरांनो, पिल्लांना माणूस आपला वाटता कामा नये. म्हणून आम्ही डोक्यापासून पायापर्यंत करडा झगा घालूनच त्यांच्यात जातो. त्यांच्या लेखी तो झगा म्हणजेच आई. आणि झगा समोर असला, की कुणी शब्दसुद्धा काढायचा नाही!"

"शिंक आली तर?" टॅम्सिन नावाच्या चिमुरडीने विचारले.

"गिळायची! माणसाच्या आवाजाला ती एकदा सोकावली ना, की मोठेपणी लोकांमागे सँडविच मागत फिरतात. मग रान कुठलं? जन्मभर पिंजरा."

मुलांचे चेहरे गंभीर झाले. शिक्षिका ऑजर्सबाईंनी तोंडातले बिस्कीटसुद्धा चावणे थांबविले.

हे बोधामृत ऑब्रेच्या कानी पडले नाही. तो 'हो'वर होता. इकडे व्हॅनमध्ये चहाचा थर्मास त्याच्या पोशाखावर उपडा झाला होता. पंख असे तपकिरी पडले होते, की क्रौंचाची पार कोंबडी झाली होती! हताश होऊन तो शेजारच्या खोपटात शिरला, आणि पाहतो तो काय! खुंटीवर घोळदार करडा झगा, तोंडावर घ्यायची जाळी, आणि बाहीत हात घालून हलवायचे लाल टिळ्याचे, चोचीचे मस्तक!

"हेस्टरनं माझ्यासाठी शिवलाय! आणि बोलली नाही एका शब्दानं. गुणी बाई!"

झगा पांघरून तो बोरूच्या वाटेने रंगभूमीकडे, म्हणजे एका हिरव्या उंचवट्याकडे निघाला. वाटेत पिल्लांचे कुंपण होते. सकाळच्या फेरफटक्यासाठी त्याचे दार नुकतेच उघडले होते. आई निघालेली पाहताच गुडघाभर उंचीची, काडीसारख्या पायांची पिल्ले आज्ञाधारकपणे तिच्या मागे चालू लागली.

उंचवट्यावर ऑब्रे प्रकटला, तोच प्रेक्षकांतून दीर्घ 'आऽहा' उमटला.

'नुसत्या प्रवेशाला!' त्याचे अंतःकरण भरून आले. त्याने चोच आकाशाकडे नेली, छाती फुगविली, ओठ उघडले, आणि समोर पाहिले.

समोरचे प्रत्येक मूल ओठांवर बोट ठेवून बसले होते! ऑजर्सबाईंचेही बोट ओठांवर होते. हेस्टरबाई तर त्यांच्या पाठीआडून दोन्ही हातांनी स्वतःचे तोंड दाबून, डोळे वटारून उभ्या होत्या.

ऑब्रेने सडकी फळे सोसली होती. पण सुरुवातीआधीच सबंध सभागृहाने 'गप्प बस' म्हणावे, हा अनुभव त्यालाही नवा होता. आत्ताच ओरडून यांना जिंकावे, असे मनात येते न येते, तोच झग्याला खालून हिसका बसला. त्याने पाहिले. एक तांबूस पिल्लू मान वर करून त्याच्याकडे पाहत होते. 'आई, भूक', एवढेच त्या दृष्टीत होते.

झगा, मौन, बोटे; हेस्टरने कधीतरी सांगितलेला आणि त्याने कानाआड केलेला नियम त्याला आठवला, आणि सारे एकदम उमगले. कंठापर्यंत आलेले स्वगत तिथेच थबकले. एक शब्द, आणि या जिवांचे आकाश संपले! पण तो शब्द गिळायचा, म्हणजे सबंध हिवाळा गिळायचा होता. ऑब्रेने डोळे मिटले, आणि गिळला.

मग त्याने बाहीतील चोच गवतात टेकविली. पिल्लांनी चोची टेकविल्या. तो डावीकडे झुकला, तीही झुकली. त्याने झग्याचे पंख पसरले. इवले पंख पसरले. धुके हळूहळू सोनेरी होत गेले, आणि त्यात आई व पिल्ले संथ लयीत नाचत राहिली. कोण कोणाला शिकवीत होते, हे सांगणे कठीण होते.

अखेर कथानकाप्रमाणे क्रौंच मरण पावला. पिल्ले त्याच्या पंखाखाली शिरली आणि गाढ झोपली! आता मेलेल्याला उठता येईना. ओल्या शेवाळाचे पाणी त्याच्या सदऱ्यातून संधिवातापर्यंत पोहोचले. मुलांनी हवेत हात हलवून निःशब्द टाळ्या दिल्या आणि ती चवड्यांवर बसकडे निघून गेली. पुष्कळ वेळाने हेस्टरबाई दुसरा झगा घालून आल्या आणि पिल्लांना घेऊन गेल्या.

विसरलेला डबा न्यायला ऑजर्सबाई परतल्या, तेव्हा ऑब्रे उठून बसत होता.

"अहो, काय सुंदर झालं! टॅम्सिन म्हणते, नाटकात कुणी बोललं नाही, म्हणून तिला सगळं कळलं."

"उपकार तिचे," ऑब्रे शिंकत म्हणाला.

शरद ऋतूत, पिल्ले रानात सोडून बरेच दिवस लोटल्यावर, हेस्टरबाई त्याला बांधावर घेऊन गेल्या. दूर पाण्यात करडे, उंच, देखणे क्रौंच उभे होते.

"आता झगा नाही. आता बोला हवं तेवढं!"

ऑब्रेने छाती फुगविली. "हे मानवा!" त्याचा आवाज पाण्यावरून गडगडत गेला.

दुसरे वाक्य निघण्यापूर्वीच सारे क्रौंच घाबरून उडाले आणि तुतारीसारखे कंठ घुमवीत पलीकडच्या धुक्यात दिसेनासे झाले.

"एकानंसुद्धा मागं वळून पाहिलं नाही!" हेस्टरबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. "सगळी रानाची झाली हो!"

ऑब्रे रित्या पाण्याकडे पाहत राहिला. सबंध सभागृह उठून गेल्याचा त्याला जन्मात प्रथमच आनंद झाला होता.