क्लच माझ्या पायात

मी एवढंच म्हटलं, "टॅक्सी कशाला? घरची गाडी आहे, आम्ही सोडतो तुम्हाला."

बोलून गेले आणि लगेच जीभ चावली. पण तोवर मुलाच्या आईने पर्स उचलली होती.

मुलगा म्हणजे ज्याच्याशी आमच्या मुलीला लग्न करायचं होतं तो. दोघं एकाच ऑफिसात, दोघांचं ठरलेलं. राहिला होता फक्त त्याच्या आईचा होकार. आणि ही बाई आमचं घर बघायला आली ती एकटी, भर दुपारी, न कळवता. मला तिथेच संशय आला. न कळवता येणारं माणूस भेटायला येत नाही, धूळ बघायला येतं. चहा पिताना तिची नजर सारखी जमिनीवर. मी ओळखलं, ही पाय बघतेय.

कारण आमच्या मुलीचे पाय. बाकी मुलगी माझ्यावर गेली आहे, म्हणजे नीटनेटकी. पाय मात्र बापाचे. आणि बापाचे पाय म्हणजे एवढे मोठे, की दुकानातला पोऱ्या बूट दाखवायच्या आधी एकदा मालकाला विचारून येतो. बाई आल्या आल्या मी मुलीला पायघोळ ड्रेस घालायला लावला होता आणि पुढ्यात एक स्टूल ठेवलं होतं. मुलगी कुरकुरली, "आई, काय चाललंय तुझं?" मी म्हटलं, "तू गप बस आणि पाय आत घे."

आता गाडीचं सांगते. आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. दाताच्या डॉक्टरांकडे त्यांच्या आजोबांच्या वेळचं एक उभं घड्याळ होतं, कोणाकडून सुरू होत नव्हतं, ते ह्यांनी सुरू करून दिलं. तर डॉक्टरांनी खूश होऊन त्यांच्या वडिलांची जुनी गाडी ह्यांना देऊन टाकली. गोल गोल, हिरवी, पुढे जाळी, दाराला चकचकीत मुठी. मी तेव्हाच म्हटलं, "फुकट देतोय म्हणजे गाडीत काहीतरी असणार." हे म्हणाले, "तुला सगळ्यातच काहीतरी दिसतं."

दिसतं, कारण असतं. डॉक्टरांचे पाय लहान मुलीसारखे. त्यांच्या वडिलांचेही तसेच असणार. कारण त्या गाडीत क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर असे खेटून बसवलेत, जणू तिघांचं एकाच घरात लग्न झालंय. आमच्या ह्यांनी डावा पाय क्लचवर ठेवला की अर्धा ब्रेकवर जायचा. उजवा ब्रेकवर ठेवला की ॲक्सिलरेटरही दबायचा. म्हणजे गाडी थांबायची तीसुद्धा ओरडत. हे बूट काढून बसले, मोजे काढून बसले, नखं कापून बसले. (नखं कापून काय होणार होतं ते त्यांनाच माहीत.)

मेकॅनिकला बोलावलं. तो वाकला, आधी पॅडलं बघितली, मग ह्यांचे पाय, मग पुन्हा पॅडलं.

"जुना माल आहे, काकू. पॅडल कापलं तर तसं परत मिळायचं नाही."

"मग काय करायचं?"

"काकांचं काही करता येतंय का बघा."

शेवटी तोडगा मी काढला. मी चौथी शिकले, पण आयुष्य पायमशीनवर गेलं. शाळेचे गणवेश शिवते. सुई किती हळू चालवायची, कुठे थांबवायची, ते माझ्या पायाला डोक्यापेक्षा जास्त कळतं. गाडीची पुढची सीट बाकासारखी सलग. मी ह्यांना खेटून बसले, उजवा पाय त्यांच्या बाजूला सारला आणि क्लच ताब्यात घेतला. त्यांच्याकडे डाव्या पायाला ब्रेक, उजव्याला ॲक्सिलरेटर, हातात गिअर आणि स्टिअरिंग. "दाब" म्हणाले की मी दाबायची, "सोड" म्हणाले की मशीनवर रेशमी कापड असल्यासारखी अलगद सोडायची. गाडी लोण्यासारखी चालायला लागली. संसारातही सगळं तेच चालवतात असं लोकांना वाटतं. क्लच कोणाकडे आहे ते आत वाकून बघितल्याशिवाय कळत नाही.

पण मुलाच्या आईपुढे "दाब, सोड" करून चालणार नव्हतं. ती विचारणार, काय दाबायचंय? मग क्लच निघणार, क्लचवरून ह्यांचे पाय निघणार, आणि बापाच्या पायांवरून मुलीचे. मी ह्यांना स्वयंपाकघरात ओढलं.

"खाकरलात की मी दाबीन. नाक ओढलंत की सोडीन. तोंडाने बोलायचं नाही."

"अगं, सांगून टाकू ना सरळ. त्यात काय आहे?"

"पाय तुमचे आहेत ना? मग तुम्ही बोलू नका."

निघालो. बाई मागे बसली, बरोबर मधोमध, म्हणजे पुढचं सगळं दिसावं म्हणून. मी ह्यांना खेटून बसले. माझ्या बाजूला सीटवर आणखी दोघं बसतील एवढी जागा रिकामी.

"ताई, ऐसपैस बसा की," बाई म्हणाली.

"मला इथेच बरं पडतं," मी म्हटलं.

हे खाकरले. मी पाय त्यांच्या पायाला खेटून आत घातला. ह्यांनी नाक ओढलं, मी अलगद सोडला. गाडी सुटली. आरशात बाईचे डोळे दिसले. मी मनात म्हटलं, बघतेय, बघू दे, घरंदाज माणसं कशी गाडी चालवतात ते.

रस्त्याला सिग्नल फार. प्रत्येक सिग्नलला हे खाकरायचे, मी सरकायची, हे नाक ओढायचे, मी मागे यायची. बाई खिडकीबाहेर बघायला लागली. मला बरं वाटलं. म्हटलं, संशय फिटला.

मग तो चढ लागला, पुलाकडे जाणारा. पुढे एक ट्रक धूर सोडत चाललेला. आमची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकत चढतेय, आणि कोणीतरी खाकरलं.

मी दाबलं.

इंजिन बोंबललं आणि गाडी मागे जायला लागली. हे माझ्याकडे बघतायत, मी ह्यांच्याकडे. तेव्हा मागून पुन्हा आवाज आला, "खं... खं... हा धूर..."

बाई खोकत होती. हे चढाला घाबरून ब्रेकवर उभेच राहिले. गाडी थांबली, मागच्या टेम्पोवाल्याने आमच्या खानदानाची चौकशी केली. हे नाक ओढतायत, मागून बाई खोकतेय, मी कोणाचं ऐकू? दाबला, सोडला, दाबला, सोडला. गाडी उचक्या लागल्यासारखी चढ चढली.

वर आल्यावर बाई म्हणाली, "भाऊंचा घसा फारच खराब दिसतोय." आणि पर्समधून घशाची गोळी काढून पुढे केली. माझ्या मते मुद्दाम. ह्यांना नाही म्हणता येत नाही, कोणालाच. घेतली आणि तोंडात टाकली. मोठी होती. गालात अडकवून खाकरायला गेले तर नुसता चूळ भरल्यासारखा आवाज आला. म्हणून मग त्यांनी कोपर वापरलं. एक कोपर म्हणजे दाब, दोन म्हणजे सोड. हे आमचं ठरलेलं नव्हतं, पण मी हुशार आहे, समजले. फक्त कोपर लागायचं बरगडीत, तिथे मला गुदगुल्या होतात. मी हसले. हसू दाबलं तर आणखी आलं.

मागे बाईने डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, गाडी लागली असेल तिला.

तिची इमारत आली. फाटकातून आत वळायचं, ह्यांनी एक कोपर मारलं, मी पाय घातला आणि माझी चप्पल क्लचखाली अडकली. ह्यांनी ब्रेकवर पाय टाकला तो माझ्या घोट्यावर. मी पाय ओढला, तो ह्यांच्या बुटाच्या आणि पॅडलच्या मध्ये जाऊन बसला. गाडी हळूच पुढे गेली आणि फाटकाच्या खांबाला नाक टेकवून बंद पडली.

वॉचमन धावत आला. वरच्या गॅलऱ्यांत माणसं आली. हे खाली वाकून माझा पाय शोधतायत, मी त्यांची मान धरून म्हणतेय, "हळू, दुखतंय." वॉचमनने दार उघडलं आणि तिथेच थबकला.

बाई मागच्या दाराने उतरली. पदर असता तर तोंडावर घेतला असता, नव्हता म्हणून पर्स धरली. वॉचमनला बाजूला घेऊन म्हणाली, "तू जा रे तिकडे. त्यांना जरा वेळ दे."

आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

हे गोळी थुंकून म्हणाले, "अहो, त्याचं काय झालं, माझे पाय..." मी त्यांना दंडाला चिमटा काढला. बाईने तोही बघितला आणि जिन्याकडे गेली, मागे न बघता.

घरी येऊन मी मुलीला सांगितलं, "आशा सोड. गाडी आपटली तिच्या दारात." मुलगी रडायच्या बेतात आली. ती रडत नाही कधी, माझ्यापुढे तर नाहीच, म्हणून मलाही कसंतरी झालं. रात्री जेवण कोणाला गेलं नाही.

चौथ्या दिवशी होकार आला.

आता मला खरा संशय आला. एवढं होऊन होकार? मुलात काही खोट आहे का? मी मुलीला समोर बसवलं.

"खरं सांग. त्याची आई काय म्हणाली?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे काहीतरी आहे."

मुलगी छताकडे बघायला लागली. "त्यांनी विचारलं, तुझी आई घरातही अशीच असते का?"

"अशी म्हणजे?"

"म्हणजे... बाबांना सोडत नाही अशी."

मी उठून उभी राहिले. मग बसले. गाडीतलं एकेक आठवलं, खाकरणं, सरकणं, कोपर, हसणं, आणि कानापर्यंत तापले. "मग तू काय सांगितलंस?"

"खोटं कसं सांगू? म्हटलं, घरात तर ती बाबांना हलूसुद्धा देत नाही."

"अगं, तिला पायांचं तरी सांगायचं."

"पायांचं काय? त्यानेच मला वाढदिवसाला बूट घेतले, नंबर विचारून. त्याच्या घरी सगळ्यांनी बघितलेत. त्या दिवशी त्या आपल्या फरशा बघत होत्या. त्यांना नवीन बसवायच्या आहेत."

मी स्वतः गेले विहीणबाईकडे. (आता विहीणच म्हणायची.) क्लच, ब्रेक, पॅडल, पायमशीन, सगळं सांगितलं. कागदावर चित्र काढून दाखवलं. तिने सगळं शांतपणे ऐकलं, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "असू दे हो, ताई. त्यात लाजायचं काय? मुलगी प्रेमाच्या घरातून येतेय, मला एवढंच बघायचं होतं. फक्त भाऊंच्या तब्येतीला जरा जपा."

तेव्हापासून तिच्याकडे कधी गेलो की बैठकीत आमच्यासाठी दोन खुर्च्या मांडलेल्या असतात, एक ह्या भिंतीला, एक त्या भिंतीला, आणि मध्ये ती स्वतः बसते. ह्यांना उशी देते, पाय लांब करायला स्टूल देते आणि हळू आवाजात विचारते, "आता बरं वाटतंय ना, भाऊ?"

आणि हा माणूस माझ्याकडे न बघता म्हणतो, "खूप."