सैतानाचं घड्याळ

नाझूने ज्या पत्राला उत्तर दिलं नाही, ते पत्र फेब्रुवारीत आलं होतं. किशोरवयीन मुलांची युरोपातली फुटबॉल स्पर्धा यंदा आपल्या माल्टात भरणार आहे, आइसलँडचा संघ तुमच्याच गावात उतरणार आहे, आणि त्यांची भाषा जाणणारे या बेटावर आपण एकटेच आहात असं कळतं. तरी त्यांची देखभाल कराल का? आणि खाली बारीक अक्षरात : उत्तर न आल्यास होकार समजण्यात येईल.

नाझू गावच्या वाचनालयातून निवृत्त झालेला. ती भाषा तो एका जुन्या व्याकरणाच्या पुस्तकातून शिकला होता आणि आजवर कुणाशीही बोलला नव्हता. 'हो' लिहावं तर आगाऊपणा वाटे, 'नाही' लिहावं तर उद्धटपणा. शेवटी त्याने पत्र शब्दकोशात ठेवून दिलं. जूनमध्ये दारात बस येऊन उभी राहिली तेव्हा त्याची थोरली बहीण चेत्ता म्हणाली, "तोंड शिवून बसलं की हे असं होतं. जा आता, पोरं खाली उतरलीसुद्धा!"

नाझूने धीर करून पाठ केलेलं वाक्य म्हटलं. संघाचा कप्तान कारी आधी गोंधळला, मग इंग्रजीत म्हणाला, "आजोबा, तुम्ही आत्ता आम्हाला विचारलंत, की हे वीरांनो, तुमची गलबतं किनाऱ्याला लागली काय?"

पोरं हसून हसून सामानावर लोळली. त्यानंतर आठवडाभर नाझू नुसती मान हलवत राहिला.

शेवटच्या गटसामन्याच्या दिवशी नेमकी गावच्या संताची जत्रा होती. जिंकलं तर उपान्त्य फेरी, आणि वेळेवर हजर नसलं तर न खेळताच हार. प्रशिक्षक थोर्गेर कमालीच्या शिस्तीचा. सामन्याच्या दिवशी तो मुलांचे फोन आणि घड्याळं काढून पिशवीत भरायचा आणि न्याय म्हणून स्वतःचीही त्यात टाकायचा. जेवण झाल्यावर त्याने नाझूला विचारलं, "मुलं जरा जत्रा बघतील. परत कधी जमायचं?"

"चौकात. चर्चच्या घड्याळात चार वाजले की." इतकं सरळ वाक्य आपण बोललो याचं नाझूलाच नवल वाटलं.

चार वाजले. चौकात बस उभी, चालक साल्वू उभा, नाझू उभा. पोरांचा पत्ता नाही.

"काका, कुठायत तुमचे वीर?"

"येतील. फार शिस्तीचे आहेत."

जरा वेळाने साल्वू म्हणाला, "काका, शिस्त फारच पाय ओढतेय."

इतक्या लांबून आलेली पोरं आपल्यामुळे न खेळता घरी जाणार! नाझू मिठाईच्या गाड्यांमधून वाट काढत, लोकांचे पाय तुडवत, प्रत्येक पायाची माफी मागत धावला. पोरं सापडली ती गावच्या वादकांच्या बँड क्लबच्या गच्चीवर. ओळीने बसून गरम पास्टिझ्झी, म्हणजे चीज भरलेल्या करंज्या, खात होती. कोपऱ्यात एक टकला पाहुणा कॉफी पीत, दोन्ही मनगटांवरच्या घड्याळांच्या किल्ल्या फिरवत बसला होता.

"चला, चला! उशीर झाला!"

"उशीर?" थोर्गेर शांतपणे म्हणाला. "आम्ही कधी उशीर करत नाही. अजून तास आहे." त्याने समोर बोट दाखवलं. त्या गच्चीतून चर्चचा फक्त डावा मनोरा दिसत होता.

"ते खोटं आहे!"

"चर्चवर?"

"ते सैतानासाठी आहे. प्रार्थनेची वेळ त्याला कळू नये म्हणून मुद्दाम चुकीचं लावतात. आपलं घड्याळ उजव्या मनोऱ्यावरचं." डावीकडे बघायचं नसतं, हे या गावात कुणाला सांगावं लागत नाही. नाझूने ते कुणाला सांगितलंही नव्हतं.

तोंडात घास तसाच ठेवून कारी म्हणाला, "म्हणजे आजोबा, आम्ही कुणात जमा?"

बस निघाली आणि पहिल्याच गल्लीत अडकली. पुढे जत्रेचा बँड वाजत चालला होता.

"हॉर्न मार ना, साल्वू."

"संताच्या बँडला? आई मला घरात घेणार नाही!"

नाझू खाली उतरला. बँडचा म्होरक्या वेन्झू त्याचा शेजारी. आयुष्यभरात दोघांत नमस्कारापलीकडे बोलणं नाही. "वेन्झू, तुम्हाला फारसा त्रास होणार नसेल तर..."

"काय? ढोलात ऐकू येत नाही!"

"माझ्यामुळे पोरं हरतायत रे!" नाझू किंचाळला.

बँड थांबला. वेन्झू त्याच्याकडे बघतच राहिला. "अरे, तुला आवाज आहे होय? मी तर तुला अर्धा मुका समजत होतो!" मग सगळे वादक भिंतींना चिकटले. मोठा ढोल काही केल्या मावेना, तो बेकरीत कोंबला, आणि बस पुढे सरकली.

मैदानावर पोचायला व्हायचा तेवढा उशीर झालाच. प्रेक्षक टाळ्या वाजवून वैतागले होते, समोरचा संघ केव्हाचा पाय झाडत उभा होता. नाझू स्पर्धा समितीच्या बाईंपुढे गेला. "बाई, चूक माझी आहे. मुलांना—"

"तुम्ही तरी आलात!" बाई जवळजवळ रडवेल्या झाल्या होत्या. "पंचच नाहीत हो! तुमची वेळ संपल्याचं जाहीर करायचं कुणी? आज तुमच्या गावची जत्रा बघायला म्हणून गेले ते गेलेच."

तेवढ्यात फाटकाशी टॅक्सी थांबली. त्यातून बँड क्लबमधला टकला पाहुणा उतरला. त्याने आधी एका मनगटाकडे पाहिलं, मग दुसऱ्या. "काय गडबड आहे? मी अगदी वेळेवर आहे. आमच्या देशातली वेळ वेगळी, म्हणून दोन्ही घड्याळं जत्रेच्या गावातल्या चर्चच्या घड्याळाशी नीट जुळवून घेतलीत."

नाझूने पटकन पोरांना मैदानाकडे पिटाळलं.

सामना झाला. आइसलँडची पोरं दोन-एकने हरली, पण खेळून हरली. हरलेल्या बाजूला उभा राहून एकटाच माणूस वेड्यासारख्या टाळ्या वाजवत होता. कारीने डोळे पुसत त्याला हात केला. "आजोबा, गलबतं निघाली हो!"

मुलं विमानाने गेली त्या दुपारी नाझूने शब्दकोशातलं पत्र काढलं, उत्तर लिहिलं, पाकिटाला तिकीट लावलं.

"आता काय कळवलंस त्यांना?" चेत्ताने विचारलं.

"की ही जबाबदारी मला झेपेल असं वाटत नाही."

चौकातल्या लाल पेटीत त्याने पत्र टाकलं. टाकल्यावर धास्तावला : आजची टपालगाडी निघून तर गेली नसेल? त्याने मान वर केली, क्षणभर विचार केला, आणि डाव्या मनोऱ्याकडे पाहिलं. अजून बराच वेळ होता.