बेनीकाकांची बडीशेप

आमच्या खालच्या मजल्यावरचे बेनीकाका आल्यागेल्याला पाणी विचारायच्या आधी अंगणात नेतात आणि बडीशेपेच्या झाडापाशी उभं करतात. "हात नाही लावायचा. वाकायचं. वास बघा, वास!" खांदा कॉलनीतला आमचा दूधवाला, कुरिअरवाले, मीटर बघायला येणारा माणूस, सगळे वाकलेत. एकदा एक जण खांद्यावरच्या गॅस सिलिंडरसकट वाकला, तेव्हा माझाच जीव वरखाली झाला.

पिसांसारखी बारीक पानं, छातीइतकं उंच झाड. बी धरून झालं की काका ते मुळापर्यंत छाटतात आणि ते पुन्हा फुटतं. हॉटेलात बिलाबरोबर येते ती बडीशेप त्यांच्या मते "मयत".

त्यांचा मुलगा डॅनी इस्रायलला असतो. काका ज्यू, त्यांचे बहुतेक नातेवाईक तिकडेच गेले. डॅनी दर वर्षी बोलवायचा आणि काकांचं उत्तर ठरलेलं, "हिला कोण बघेल? ही आहे तोवर मी हलत नाही." मी घालीन पाणी, असं एकदा कसंबसं म्हणाले, तर म्हणतात, "तू स्वतः जेवायला विसरतेस, पोरी!"

यंदा पावसात पाणी साचून मूळ कुजलं. मला वाटलं, काका खचतील. ते तर माळ्यावरची बॅग काढून पुसत बसले होते. नातीसाठी फ्रॉकही आणला. "आता काय कारण सांगू? जातो बाबा," असं जो भेटेल त्याला सांगत होते.

दर शुक्रवारी दुपारी, शब्बाथ म्हणजे त्यांचा विश्रांतीचा दिवस लागायच्या आधी, डॅनीचा व्हिडिओ कॉल येतो. काकांचा हात थरथरतो, म्हणून फोन मी धरते. त्या शुक्रवारी ते इस्त्रीचा सदरा घालून अंगणात बसले होते. पण डॅनीच आधी बोलला.

"पप्पा, यंदा जरा... घर लहान घेतलंय. तुम्हाला वेगळी खोली..."

"अरे वेड्या, येतंय कोण? हिला सोडून?" काका हसले आणि त्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं. कोपऱ्यात माझ्या आईने कुंडीत लावलेला शेपू होता. पानं अगदी तशीच, फरक फक्त वासाचा. मी फोन इतका जवळ नेला की कुंडी दिसू नये.

"केवढी भरलीय, पप्पा!" डॅनीचा आवाज एकदम मोकळा झाला.

"मग! लक्ष द्यावं लागतं."

काका माझ्या मागे उभे राहून सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसत होते. "हलवू नकोस, पोरी," ते हळूच म्हणाले. "नीट बघू दे त्याला."