समतुल्य अस्वल

एका जंगलात, बालमित्रांनो, पाळणाघर निघालं. आईबाप चरायला किंवा शिकारीला गेले की पिल्लं कुठे ठेवायची, हा प्रश्न त्या जंगलातही होताच. पाळणाघरात यायला अट एकच होती. एकमेकांची पिल्लं खायची नाहीत. ही अट बहुतेक वेळा पाळली जायची.

पाळणाघर डोंगराच्या पोटातल्या गुहेत होतं. आत गारवा छान, पण हवा कोंदट. म्हणून सिंहमहाराजांनी हुकूम काढला, "डोंगराच्या पलीकडून गुहेपर्यंत हवेचं भुयार खणा. भुयार अस्वलाएवढं हवं."

अस्वलच का, हे कोणी विचारलं नाही. हुकूम सोडताना समोर अस्वल बसलं होतं, इतकंच.

काम सगुणाबाई साळिंदर यांच्याकडे आलं. भुयारांच्या कामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगायच्या. त्यांनी अस्वलाला मुटकुळं करून बसवलं, भोवती गोल रेघ मारली आणि खणायला सुरुवात केली.

थोडं आत गेल्यावर वरती कातळ लागला. खाली पाहिलं तर तिथेही कातळ. मधली फट इतकी बुटकी, की त्यातून अस्वल गेलंच असतं तर लाटून गेलं असतं.

सगुणाबाई डगमगल्या नाहीत. अस्वलाची गोल रेघ त्यांनी पळसाच्या पानांनी भरून काढली. मग तीच पानं उचलून बुटकी, लांबट अशी मांडली. "पानं तेवढीच, म्हणजे जागा तेवढीच," त्या म्हणाल्या. "आता भुयार गोल नाही, पसरट. हवेला काय कळतंय?"

तिथून पुढचं सगळं भुयार पसरट झालं. पलीकडच्या तोंडाशी वटवाघळं टांगली. त्यांनी पंख हलवायचे आणि हवा आत ढकलायची. उद्घाटनाला महाराज स्वतः आले आणि दिवाण कोल्होबांनी भाषण केलं.

पण गुहेतला कोंदटपणा काही जाईना. पिल्लं जांभया देऊ लागली. सशाची पिल्लं तर खेळता खेळता लवंडायची. वटवाघळांची मुकादमीण कुरकुरत आली. "बाई, पंख मोडायची वेळ आली. आम्ही ढकलतोय, पण हवा पुढे सरकतच नाही."

"वटवाघळं वाढवा," दिवाणजी म्हणाले. वाढवली. ती इतकी झाली, की भुयाराचं तोंडच त्यांनी भरून गेलं.

एका दुपारी सगुणाबाई आपल्या टोचूला न्यायला आल्या. टोचू कोपऱ्यात पडला होता. हाक मारली, उठला नाही. हलवला, तरी उठला नाही. त्यांनी त्याला तोंडात धरून फरफटत बाहेर आणलं आणि झाडाखाली ठेवून कान त्याच्या नाकाशी लावला. बऱ्याच वेळाने टोचूने डोळे उघडले. म्हणाला, "आई, भूक लागली." सगुणाबाईंनी त्याला एक कंद खायला दिला.

मग त्या उठल्या आणि स्वतः भुयारात शिरल्या. गोल भागात चालणं सोपं होतं. अंगाला भिंत लागत नव्हती. पसरट भाग आला आणि वरचे काटे छताला, पोट जमिनीला घासू लागलं. पाऊल टाकणं मुश्किल झालं. तिथेच त्या थबकल्या.

"अगं बाई!" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "पानं तेवढीच, पण भिंती किती वाढल्या! मी घासतेय तशीच हवाही घासतेय. अस्वलाएवढ्या गोल भुयारातून जाते तेवढी हवा इथून तेवढ्याच जोराने न्यायची, तर हे भुयार चांगलं रुंद हवं."

सरळ दरबारात जाऊन त्यांनी हे सांगितलं. अगदी सोप्या शब्दांत.

"म्हणजे अस्वलापेक्षा मोठं भुयार?" दिवाणजींनी भुवया उंचावल्या. "महाराजांचं चुकलं म्हणता?"

"नाही नाही!"

"मग तुमचं चुकलं?"

सगुणाबाईंचे काटे उभे राहिले. पहिलं म्हणणं धोक्याचं होतं. दुसरं खरं होतं, आणि ते तर त्यांच्या तोंडून निघेना. टोचूचा मलूल चेहरा डोळ्यांसमोर आला.

"चुकलं कोणाचंच नाही, दिवाणजी. भुयार अस्वलाएवढंच राहील. फक्त ते... समतुल्य अस्वल असेल."

दिवाणजींनी तो शब्द जिभेवर घोळवून पाहिला. "समतुल्य अस्वल. वा! हे आधीच का नाही बोललात?"

"समतुल्य म्हणजे काय रे?" महाराजांनी हळूच विचारलं.

"महाराजांना ठाऊकच आहे."

"अर्थातच," महाराज म्हणाले आणि त्यांनी पंजा उमटवून मंजुरी दिली.

भुयार दोन्ही बाजूंनी खणून रुंद केलं. निम्म्याहून अधिक वटवाघळांना घरी पाठवलं, तरी गुहेत झुळूक खेळू लागली. पिल्लं इतका दंगा करू लागली, की शेजारच्या घुबडाने तक्रार केली. टोचू तर संध्याकाळी घरी यायला तयार होईना. सगुणाबाई दाराशी उभ्या राहून त्याच्यावर ओरडायच्या, आणि तो ओरडून उत्तर देतोय हे ऐकत मुद्दाम थोडा वेळ तिथेच थांबायच्या.

पुढे या कामगिरीबद्दल दिवाणजींचा मोठा सत्कार झाला. हार, तुरे, मानपत्र, सगळं. सगुणाबाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. समारंभ संपल्यावर त्यांनी विचारलं, "आणि माझा सत्कार?"

"झाला की," दिवाणजी हार सावरत म्हणाले. "मी घेतला तो तुमचा समतुल्यच."

तात्पर्य: मुलांनो, खरी गोष्ट कधीही सगळ्यांना समजेल अशी सांगू नये. समजली की लोक चूक कोणाची ते विचारतात. नाही समजली की लगेच मंजूर करतात.