हत्ती जाईल इतका रस्ता

एका जंगलात, म्हणजे नकाशात जिथे जंगल दाखवलेलं आहे त्या जागेत, तानाक्का नावाची साळिंदरीण राहत होती. मुलांनो, तुम्ही म्हणाल, नकाशा कशाला हवा? जंगल समोर दिसतच असेल की! दिसत होतं. पण तिथे डोळ्यांना दिसलेलं खरं मानायची पद्धत नव्हती. आधी ते नकाशात असावं लागे.

तानाक्काचं बीळ एका उतारावर, घाणेरीच्या दाट झुडपांमागे होतं. बीळ छान होतं, पण एकाच साळिंदराला पुरेल एवढं. आता त्यात तिघं राहत होती. तानाक्का, तिची लेक शेवंता आणि शेवंताचा नवरा रंगराव.

साळिंदराच्या अंगावर काय असतं, ठाऊक आहे ना? काटे. वीतभर लांब आणि टोकदार. त्यामुळे त्या बिळात कुशीवर वळायचं तर आधी सांगून वळावं लागे. रंगराव फार सभ्य जावई होता. तो झोपेतसुद्धा विचारायचा, "वळू का?"

आणि आता शेवंताला बाळ होणार होतं. साळिंदराची पिल्लं जन्मतात तेव्हा त्यांचे काटे मऊ असतात. आईचे, बापाचे आणि आजीचे मऊ नसतात. एखादं पिल्लू कुणाच्या कुशीखाली सापडलं तर काय होईल, या विचारानं तानाक्काला रात्र रात्र झोप लागत नसे.

शेवटी तिनं ठरवलं. आपल्या जागेचे दोन भाग करायचे. एका भागात जुनं बीळ, दुसऱ्या भागात लेकीसाठी नवं.

तुम्ही म्हणाल, मग खणायचं की! रंगरावानं तर पंजे घासून तयारही ठेवले होते. पण मुलांनो, असं खणता येत नाही. कारण त्या जंगलात वन नियोजन समिती होती.

समितीचे अध्यक्ष होते अंबादासराव हत्ती. मनानं मोठे, अंगानं त्याहून मोठे. सचिव होते बगळेसाहेब. पांढरेशुभ्र आणि अगदी काटेकोर. ते एका पायावर उभे राहून नियम वाचत. दुसरा पाय आणीबाणीसाठी पोटाशी जपून ठेवत.

समितीकडे कागद पुष्कळ होते, पण शिक्का नव्हता. अंबादासरावांचं पाऊल हाच शिक्का. अर्ज मंजूर झाला की जागेच्या बरोबर मध्यभागी ते पाऊल उमटवत. आणि विनापरवाना बीळ सापडलं की त्यावरही पाऊलच उमटवत. लांबून दोन्ही सारखीच दिसत.

मागच्या वर्षी एका घुशीनं न विचारता बीळ खणलं होतं. आता तिथे पाणी साठतं. बेडूक समितीवर खूश आहेत. घूस कुठे गेली ते नकाशात दाखवलेलं नाही.

म्हणून तानाक्कानं रीतसर अर्ज केला. दर सोमवारी वडाखाली सभा भरे, तिथे ती लेक-जावयाला घेऊन गेली.

बगळेसाहेबांनी अर्ज उजव्या डोळ्यानं वाचला, मग डाव्या डोळ्यानं वाचला.

"नियम बारा," ते म्हणाले. "जागेची विभागणी करताना प्रत्येक भागाला हत्ती जाईल इतका रस्ता हवा. तुमच्याकडे आहे का?"

"न्हाई जी. आमच्याकडं झुडपाखालनं सरपटत यावं लागतं."

"मग कसं होणार?"

"आवं साहेब, पर आमच्या घरी हत्ती कशाला येतोय?"

"आला तर?"

"पर कशापायी यील त्यो?"

"ते आधी सांगता येत नाही," बगळेसाहेब म्हणाले. "म्हणूनच तर नियोजन करावं लागतं."

हा नियम अंबादासरावांच्या आजोबांनी केला होता. त्यांनी जंगलातली सगळी मापं स्वतःला उभं करून घेतली होती. त्यांच्या मते याहून निःपक्षपाती माप दुसरं नव्हतं, आणि त्यांच्यासमोर उभं राहून दुसरं मत कुणी दिलंही नव्हतं.

"अर्ज फेटाळावा लागेल," बगळेसाहेब म्हणाले.

अंबादासरावांनी कान हलवले. "थांबा! असा कसा फेटाळायचा? रस्ता नाही हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहणार. त्याशिवाय 'रस्ता नाही' म्हणणं म्हणजे या बाईंवर अन्याय होईल. गुरुवारी स्थळपाहणी!"

गुरुवारी ते आले. झुडपं कडाकडा वाकवत, फांद्या बाजूला सारत, धापा टाकत आले. बगळेसाहेब त्यांच्या पाठीवर बसून आले, कारण पायी यायला रस्ता नव्हता.

तानाक्कानं पळसाच्या पानावर उकडलेले करांदे ठेवले होते. करांदे म्हणजे जमिनीखालचे कंद. ते शोधून काढण्यात आणि उकडण्यात तानाक्काचा हात कुणी धरत नसे. अंबादासरावांनी एक खाल्ला. मग दोन खाल्ले. मग पान खाल्लं.

"रस्ता नाही," ते समाधानानं म्हणाले. "लिहा."

बगळेसाहेबांनी लिहिलं.

"साहेब," रंगरावानं भीत भीत विचारलं, "मग तुम्ही आला कुठनं?"

"तो आजचा विषय नाही," बगळेसाहेब म्हणाले.

पुढच्या सोमवारी अर्ज फेटाळायचाच होता. पण तेवढ्यात उताराखालच्या माळावरून आवाज आला, "हरकत आहे! हरकत आहे!"

ती टिटवीकाकू. टिटवीकाकूंची कशालाही हरकत असे. सूर्य उगवला तरी त्या एकदा नोंदवून ठेवत.

"काय हरकत आहे?" बगळेसाहेबांनी विचारलं.

"त्यांचं नवं बीळ झालं तर माझा उजेड अडेल."

"बीळ जमिनीखाली असतं ना?" अंबादासराव म्हणाले.

"म्हणजे खालचा उजेड अडेल!"

बगळेसाहेब गंभीर झाले. हरकत आल्यावर तिची शहानिशा झाल्याशिवाय अर्ज मंजूर करता येत नाही आणि फेटाळताही येत नाही, असा नियम होता. पुन्हा गुरुवारी स्थळपाहणी ठरली.

तानाक्काला रडूच फुटलं. "बाय माझी अवघडलीय," ती रंगरावाला म्हणाली, "आन् ह्या बयेला उजेड पायजे जमिनीखालचा!"

गुरुवारी अंबादासराव पुन्हा आले, करांदे खाल्ले, खालचा उजेड पाहिला, आणि "अजून रस्ता नाही" असं लिहून घेऊन गेले. ते गेल्यावर तानाक्का सांडलेली सालं गोळा करायला बाहेर आली आणि जागच्या जागी थांबली.

मागच्या गुरुवारी जी झुडपं वाकली होती, ती आज मोडली होती. मधून उजेड दिसत होता. लांबवरचा वड दिसत होता.

 मग तिनं रंगरावाला हाक मारली. "जावईबापू, हत्ती अजून चार-पाच डाव आला, तर हितं काय ऱ्हाईल?"

रंगराव सभ्य होता, पण मठ्ठ नव्हता. "करांदे न्हाई ऱ्हायचे," तो म्हणाला, "आन् झुडपंबी न्हाई ऱ्हायची."

तानाक्का तडक टिटवीकाकूंकडे गेली.

"काकू, तुमी लई चांगली हरकत घेतली. अजून पाच-सा घ्या."

टिटवीकाकू एकदम लाजल्या. जन्मात त्यांना कुणी हरकत घ्या म्हणून सांगितलं नव्हतं. मग त्यांना राग आला.

"मागून घेतलेली हरकत ही काय हरकत असते होय? मी काय दुसऱ्याच्या सांगण्यावरून ओरडते? ओरडायचं ते मनापासून!"

"बरं, ऱ्हाऊ द्या," तानाक्का म्हणाली. "मी आपली समितीला लिवून देते, की टिटवीकाकूंची काय बी हरकत न्हाई."

"काय? माझी हरकत नाही?" टिटवीकाकू दोन हात वर उडाल्या. "असं लिहायला माझी सक्त हरकत आहे!"

त्यानंतर मात्र त्या थांबल्या नाहीत. साळिंदरं चालताना काटे खुळखुळतात, म्हणून हरकत. थांबल्यावर खुळखुळत नाहीत आणि ती कुठे आहेत ते कळत नाही, म्हणून हरकत. करांद्यांचा वास येतो म्हणून हरकत, आणि आपल्यापर्यंत नुसता वासच येतो म्हणून दुसरी. दर सोमवारी हरकत, दर गुरुवारी स्थळपाहणी. लोकांचा एवढा सहभाग पाहून अंबादासरावांचे डोळे भरून येत. करांद्यांमुळेही थोडे भरून येत.

नववा गुरुवार उजाडला. त्या दिवशी शेवंता सकाळपासून बिळातून बाहेर आली नव्हती. आतून कण्हणं ऐकू येत होतं. रंगराव तिच्याजवळ बसला होता, आणि वळत नव्हता.

अंबादासराव आले. या वेळी फांद्या मोडल्याचा आवाज नाही, धापा नाहीत. बगळेसाहेब मागून चालत आले. त्यांनी खाली पाहिलं, मागे पाहिलं, मग पुस्तकात पाहिलं.

"साहेब," ते खोल आवाजात म्हणाले, "इथे रस्ता आहे."

"आहेच," अंबादासराव म्हणाले. "मी नेहमी याच रस्त्यानं येतो."

"हत्ती जाईल इतका आहे."

"मी गेलो की!"

"पण तो केव्हापासून आहे?"

अंबादासरावांनी आठवून पाहिलं. हत्तीची स्मरणशक्ती दांडगी असते, पण स्वतःची पावलं कुणी मोजतं का? "मी आलो त्याआधीपासून असणार. नाहीतर मी आलो कसा?"

बगळेसाहेबांनी लिहिलं, 'पूर्वापार वहिवाटीचा रस्ता.' आणि त्याखाली, 'अर्ज मंजूर.'

तानाक्काला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. तिनं अंगावरचे काटे आडवे करून दोघांना नमस्कार केला.

"आता शिक्का," बगळेसाहेब म्हणाले. ते जागेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत टांगा टाकत गेले, हिशेब करत परत आले आणि एका ठिकाणी थांबून चोच टेकवली. "हा मध्यभाग."

मुलांनो, तो मध्यभाग म्हणजे जुन्या बिळाचं छप्पर होतं. त्याखाली शेवंता होती.

अंबादासरावांनी उजवा पाय उचलला.

"साहेब! थांबा!" तानाक्का धावत जाऊन छपरावर उभी राहिली. तिचे सगळे काटे ताठ उभे राहिले. "खाली माझी लेक हाय!"

"बाजूला व्हा, तानाक्का," अंबादासराव प्रेमानं म्हणाले. "आनंदाचा प्रसंग आहे."

"शिक्का मध्यभागीच हवा," बगळेसाहेब म्हणाले. "नियम सतरा. नाहीतर मंजुरी रद्द."

पाऊल वर होतं. तानाक्काच्या अंगावर त्याची सावली पडली होती. ती हलली नाही. मग तिच्या डोक्यात एकदम काहीतरी आलं.

"साहेब, अर्ज मंजूर झाला ना?"

"झाला," बगळेसाहेब म्हणाले.

"म्हंजे माझी जागा एक हाय का दोन?"

बगळेसाहेबांनी कागद पाहिला. "दोन."

"मंग मध्यभाग किती?"

 मुलांनो, नियम बघताना बगळेसाहेबांनी त्या दिवशी प्रथमच दुसरा पाय जमिनीवर टेकवला. मग ते पुस्तकाची पानं उलटू लागले.

इकडे अंबादासराव तीन पायांवर उभे होते. हत्तीला ते फार वेळ जमत नाही. "लवकर पाहा हो!" ते डुलत डुलत म्हणाले.

"मध्यभाग दोन होतात," बगळेसाहेब घाईनं वाचू लागले, "पण शिक्का कोणत्या भागावर आधी, ते लिहिलेलं नाही."

"नव्यावर!" तानाक्का ओरडली. "त्यो तिथं, मोकळ्या जागेवर!"

धप्प!

जमीन हादरली. धूळ उडाली. धूळ खाली बसली तेव्हा नव्या जागेच्या मधोमध हा एवढा खोल खड्डा पडला होता. आणि जुन्या बिळातून बारीक आवाज आला. मग दुसरा आला. पाठोपाठ रंगराव बाहेर आला.

"सासूबाई, दोन हायेत," तो म्हणाला आणि मटकन खाली बसला. मग त्याला खड्डा दिसला. निम्मं बीळ आयतंच खणून झालं होतं. तो उठला आणि उरलेलं खणू लागला. संध्याकाळी शेवंता दोन्ही पिल्लांना घेऊन नव्या घरात गेली, आणि कुणालाही न विचारता कुशीवर वळली.

पण बगळेसाहेब अजून गेले नव्हते.

"जुन्या भागावरचा शिक्का राहिलाच," ते म्हणाले. "तो पुढच्या सोमवारच्या विषयपत्रिकेवर घेतो."

तानाक्काचा चेहरा पडला. इतक्यात माळावरून आवाज आला, "हरकत आहे! हरकत आहे!"

त्या वेळी टिटवीकाकूंना कुणी डिवचलं नव्हतं. त्या मनापासून ओरडल्या होत्या. तानाक्का हे कधीच विसरली नाही. आता दर गुरुवारी करांद्यांचं एक पान माळावर जातं. टिटवीकाकूंची त्याला हरकत असते, पण पान रिकामं परत येतं.

तो दुसरा शिक्का अजून विचाराधीन आहे. आणि प्रकरण विचाराधीन असलं की त्या जागेवर पाऊल ठेवता येत नाही, असा नियमच आहे. दर गुरुवारी अंबादासराव त्या रुंद रस्त्यानं झुलत येतात, करांदे खातात, पिल्लांना सोंडेवर बसवून झोके देतात, जुन्या बिळाच्या छपराकडे बघतात आणि म्हणतात, "शिक्का अजून नाही. लिहा."

बगळेसाहेब लिहितात. तानाक्का पुढच्या गुरुवारचे करांदे शोधायला निघते.

तात्पर्य: मुलांनो, नियोजन समितीच्या दिरंगाईला कधी नावं ठेवू नयेत. जंगलातली अर्धी घरं तिच्या मंजुरीमुळे उभी राहतात, आणि उरलेली अर्धी ती मंजुरी अजून पोचलेली नसल्यामुळे उभी असतात.