वटारचे गोचीड-मास्तर

बस्त्याव मास्तर कुणाच्याही घरी गेले की ओटीवर बसत नसत. ते आधी गोठ्यात जात. घरधनी "या मास्तर" म्हणत दारात उभा, त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्या मागे उभी, आणि मास्तर परसदारी म्हशीचा कान उलटा करून त्यात डोकं घातलेले. म्हैस तपासून झाली की हात धुऊन माणसांकडे वळायचे आणि विचारायचे, "बाकी कसं काय?" त्या 'बाकी'त घरातली सगळी माणसं यायची.

एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला त्यांना उमेळ्याला पाठवलं. संध्याकाळी परतले तेव्हा पुतण्याच्या घरातल्या बायका अंगणात वाटच बघत होत्या. मुलगी कशी आहे म्हणून विचारलं, तर म्हणाले, "दोन म्हशी, एक गाय. कानामागे, शेपटीखाली, कासेजवळ, कुठेही एक गोचीड नाही. घर चांगलं आहे. हो म्हणून टाका." मुलगी त्यांनी पाहिलीच नव्हती. लग्न झालं आणि संसार असा काही छान झाला, की पुढे दोन-तीन घरांनी सोयरीक बघायला मुद्दाम मास्तरांनाच नेलं.

मी आगाशीच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आलो तेव्हा स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. मास्तर शेजारच्या वटार गावच्या मराठी शाळेत शिकवायचे, घरात एकटेच राहायचे. त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या मी भाड्याने घेतल्या आणि सामान लावून होण्याआधीच मला कळलं, की मागच्या खोलीत मास्तर गोचिडी साठवतात. मी झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढणारा माणूस. त्या मागच्या खोलीत मी चार वर्षं पाऊल टाकलं नाही, आणि याची मला तेव्हा मुळीच लाज वाटत नव्हती.

"मास्तर, हे किडे बाहेर तर येत नाहीत ना?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"किडे?" मास्तर दुखावले. "गुरुजी, किड्याला पाय सहा. गोचिडीला आठ. पण अंड्यातून निघते तेव्हा तिलाही सहाच असतात. तुम्ही पाय मोजलेत का?"

हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न. ग्रामपंचायतीत कुणी गरजायला लागला, पारावर कुणी कुणाच्या सुनेबद्दल काही बोलला, की मास्तर शांतपणे विचारणार, "पाय मोजलेत का?" म्हणजे नीट बघितलंत का, की उगाच बोलता? शाळेतही पाढा चुकला तर छडी नाही, "पाय मोज" एवढंच. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं पुढे कारकून झाली, बागायतदार झाली, पण सही करण्याआधी कागद दोनदा वाचायची. हे मी आगाशीच्या बाजारात स्वतः पाहिलं आहे.

रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपला की मास्तर समुद्राकडच्या कुरणात जायचे आणि काठीला बांधलेलं पांढरं फलालीनचं फडकं गवतावरून ओढत फिरायचे. भुकेली गोचीड गवताच्या शेंड्यावर चढून जनावराची वाट बघत बसते, फडकं आलं की त्यालाच चिकटते. पांढऱ्यावर ती पटकन दिसते. हे शास्त्र झालं. पण गावातल्या एका म्हातारीला वाटलं, मास्तरांचा काहीतरी नवस आहे. ती हातात रोझरीची माळ घेऊन त्यांच्या मागून चालू लागली. पुढच्या रविवारी आणखी तिघी आल्या. शेवटी फादरांनी बोलावून विचारलं, "बस्त्याव, हा कुठल्या संताचा नवस?" मास्तरांनी खरं ते सांगितलं, फादर पोट धरून हसले, पण म्हातारी काही ऐकेना. त्या चालण्याने आपला गुडघा बरा झाला, असं ती शेवटपर्यंत सांगत राहिली.

हे सगळं कशासाठी, तर बैलांसाठी. वटारची केळीची वाडी रहाटावर चालायची आणि रहाट बैलावर. बैल म्हातारा झाला की लोक लांबून धट्टाकट्टा नवा बैल आणायचे, आणि महिना उलटायच्या आत त्याला ताप यायचा, मूत लाल व्हायचं, आणि बैल आडवा पडायचा. गावातली जुनी गुरं मात्र त्याच गोठ्यात, त्याच गोचिडी अंगावर घेऊन मजेत रवंथ करायची. लोक म्हणायचे नजर लागली, कुणी म्हणायचं इथलं पाणी मानवत नाही. शेजारच्या इनासचे असे दोन बैल गेले होते.

मास्तरांचं म्हणणं वेगळं होतं. हा आजार गोचिडीतून येतो. गावचं वासरू आईला पीत असतानाच त्याला गोचिडी चावतात, त्याला हलका ताप येऊन जातो, आणि मग ते जन्मभर टिकतं. बाहेरून आलेल्या थोराड बैलाच्या अंगात ती तयारी नसते. म्हणून बैल आणू नका, वासरं आणा, आणि त्यांना चार गोचिडी चावू द्या.

"चावू द्या म्हनतो!" इनास गावभर सांगायचा. "गोचिडींचा वकील झालाय मास्तर!"

हे खरं की खोटं ते तपासायला सूक्ष्मदर्शक हवा, औषधं हवीत, जाणता माणूस हवा. म्हणून मास्तर मला मराठीत सांगायचे आणि मी पुण्याच्या, गुरांच्या रोगांवरच्या एका प्रयोगशाळेला इंग्रजीत पत्र लिहायचो. मी सवयीने 'आपला अत्यंत नम्र सेवक' घातलं की ते खोडायला लावत. "आपण नोकरी मागतोय का? माहिती देतोय." मला हे उद्धटपणाचं वाटायचं. तीन पत्रांना उत्तर आलं नाही. चौथ्याला आलं: एक डॉक्टर एका दिवसासाठी येतील, गावच्या जनावरांवरच्या, रक्त पिऊन टम्म झालेल्या जिवंत गोचिडी भरपूर मिळाल्या तर पुढचं काम हाती घेतील, नाहीतर नाही.

मास्तरांनी ते पत्र खिशातच ठेवलं; पुण्याहून साहेब येणार, एवढंच गावाला सांगितलं. वर्गात शिकवता शिकवता मध्येच खिशाला हात लावून बघायचे, असं पोरं सांगत. माझ्याशी एकदाच बोलले, "गुरुजी, हा माणूस रिकाम्या हाताने गेला तर परत कुणी येणार नाही."

ठरल्या दिवशी आम्ही दोघं विरार स्टेशनवर डॉक्टरांना आणायला गेलो. डॉक्टर तरुण, बोलायला मोकळे. टांग्यात मास्तर त्यांना एकेका गोठ्याची माहिती देत होते. इनासच्या म्हशीवर हमखास पन्नास, चर्चमागच्या गाईवर तर विचारू नका. स्वतःच्या झाडाचे आंबे सांगावेत तसं सांगत होते.

वटारच्या वेशीवर बँड उभा होता.

चर्चच्या वाटेला कागदी पताका होत्या. घरांना काढलेला चुना अजून ओला होता. बिशप येतात तेव्हा गाव जसं सजतं तसंच सजलं होतं, कारण पुण्याहून साहेब यायचा प्रसंग वटारात पूर्वी कधी आलाच नव्हता. आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना गावची झाडून सगळी गुरं ओळीने बांधलेली. आंघोळ घातलेली, करंजेल चोळलेली, उन्हात लखलखत असलेली. बँड वाजायला लागल्यावर त्यातल्या दोन म्हशी दावं तोडून केळीत घुसल्या.

इनास पुढे आला. अंगात लग्नातला कोट. "साहेब, आमच्या मास्तरानं तुमाला काय काय लिवलं असंल ते असंल. पन आमचं गाव घानेरडं नाय. तीन दिवस सगळा गाव खपलाय, मास्तरला चाहूल लागू न देता. बघा, एक गोचीड सापडली तर नाव बदलीन!"

मास्तर टांग्यातून उतरले ते सरळ पहिल्या म्हशीकडे गेले. कान उलटा केला. दुसरीचा केला. तिसरीची शेपटी उचलली. सात-आठ जनावरं तपासून ते थांबले आणि तिथेच वाटेवर उभे राहिले. बँडवाल्यांनी आपणहून वाजवणं थांबवलं. इतक्या वर्षांत त्या माणसाचा चेहरा असा उतरलेला मी पाहिला नव्हता. मला इनासचा भयंकर राग आला. पण राग तरी कसा करायचा? बिचारे तीन दिवस राबले होते, तेही मास्तरांचाच मान राहावा म्हणून.

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, जिवंत गोचिडीच नसतील तर मी नेऊ काय?"

इनासची बायको मारथा गर्दीत मागे उभी होती. तिने हे ऐकलं आणि ती पुढे आली. "अवं, न्यायच्यात व्हय? मंग आधी नाय का सांगायचं?" ती घरात गेली आणि लोणच्याची बरणी घेऊन आली. बरणीच्या तोंडाला फडकं बांधलं होतं. आत गोचिडी वळवळत होत्या.

"तेल लावायच्या आधी हातानं येचल्या सगळ्या," मारथा म्हणाली. "फेकनार कशा? मास्तरला लागत्यात ना!"

मग घराघरांतून बायका धावल्या. औषधाच्या बाटल्या, पावडरचे डबे, एकीने तर काचेची साखरदाणी आणली. गावाने मास्तरांना कितीही हसून घेतलं असलं, तरी मास्तरांना लागणारी वस्तू टाकून द्यायची हे कुणाच्याच मनात आलं नव्हतं. प्रत्येक बाई आपली बाटली कुठल्या म्हशीची, कुठल्या गाईची ते बिनचूक सांगत होती. डॉक्टर वाटेवर उकिडवे बसून लिहून घेत होते. मी खुर्चीवर चढणारा माणूस, पण त्या दिवशी दोन्ही हातांत चार बाटल्या धरून उभा होतो आणि माझी मान ताठ होती.

दुपारी जेवणानंतर, सुकेळी म्हणजे उन्हात सुकवलेली केळी खाता खाता, डॉक्टरांनी मास्तरांचा आधीचा संग्रह पाहायला मागितला. मलाही त्या खोलीत जावंच लागलं. भिंतभर फळ्या, फळ्यांवर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या गोचिडींच्या शेकडो नळ्या, प्रत्येकीवर मास्तरांच्या सुंदर अक्षरात चिठ्ठी: जनावर, घर, दिवस. आणि खाली, 'गोळा करणारी: कतरीन'. प्रत्येक नळीवर तेच.

"या कतरीनबाई कोण?" डॉक्टरांनी कौतुकाने विचारलं. "एवढं चिकाटीचं काम! त्यांना भेटवा की."

मास्तर म्हणाले, "माझी बायको."

कतरीनबाई मी वटारला येण्याच्या आदल्याच वर्षी वारल्या होत्या. माझ्या समोरच्या नळीवर मागच्या आठवड्याची तारीख होती. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं असावं.

"आमचा पहिला बैल गेला," मास्तर नळ्या सरळ करत बोलू लागले, "तेव्हा तिनेच त्याच्या अंगावरच्या गोचिडी वेचून डबीत घातल्या. मला म्हणाली, तुम्ही शिकलेले, ह्या बघा, ह्यांच्यातच काहीतरी आहे. मी हसलो. तीन वर्षं ती डब्या भरत होती आणि तीन वर्षं मी हसत होतो. ती गेल्यावर पहिली डबी उघडली. काम तिचंच आहे, डॉक्टर. मी नुसते पाय मोजतो."

डॉक्टर बाटल्या घेऊन गेले. त्यानंतर दोन वर्षांत ते पाच-सहा वेळा आले, वासरांचं रक्त घेऊन गेले, आणि मग पुण्याहून छापील अहवाल आला. मास्तरांचं म्हणणं तपासात खरं उतरलं होतं. इनासने त्याच आठवड्यात बैलाऐवजी वासरू आणलं आणि हे आपण पहिल्यापासून सांगत होतो असं सगळ्यांना सांगू लागला.

रविवारी मिस्सानंतर चर्चसमोर लोकांनी मला मधे उभं केलं आणि तो अहवाल मराठीत सांगायला लावला. बरंचसं कुणाला कळलं नाही, मलाही नाही. शेवटी आभाराची ओळ होती: गोचिडींचा मूळ संग्रह वटारच्या श्रीमती कतरीन यांचा. ते नाव ऐकल्यावर बायकांत कुजबुज झाली, मारथाने डोळ्याला पदर लावला, आणि इनास मोठ्याने म्हणाला, "आमच्या गावची बाय छापून आली!"

मास्तर गर्दीच्या मागे उभे होते. लोक पांगले तसे ते जवळ आले. "गुरुजी, ती शेवटची ओळ इंग्रजीत कशी लिहिलीय, ती वाचा बरं."

मी वाचली. मग मराठीत सांगितली. तरी ते जाईनात, म्हणून मी आणखी एकदा, नावावर सावकाश थांबून, वाचून दाखवली.