माशांचं मीठ

डॉक्टरांनी नागुबाईंचं मीठ तोडलं, त्याच दिवशी त्यांच्या लेकाला, युवराजला, आणखी एक सल्ला दिला. घरात मासे पाळा, त्यांच्याकडे बघत बसलं की आईचं मन शांत होईल, बीपी उतरेल. युवराज म्हणजे एखादी गोष्ट मनावर घेतली की हात धुऊन मागे लागणारा माणूस. संध्याकाळी वडगावच्या घरात काचेची टाकी हजर! त्याने ती बोअरच्या पाण्याने भरली आणि चौथ्या दिवशी सगळे मासे पोट वर करून तरंगले. नागुबाई जेवल्या नाहीत. बीपी आणखी चढलं.

"अण्णा, तुमचं पाणी मचूळ हाय," मासेवाला सौरव म्हणाला. "पाणी ऱ्हाऊ द्या, मासं बदला. मोली घ्या. जराशा खारट पाण्यात लई खूश असत्यात. वरनं थोडं जाडं मीठ टाकाय लागतंय, पण एकदम न्हाय. रोज थोडं थोडं."

युवराजने चार काळ्या मोली आणल्या आणि आठवड्याचं मीठ मोजून वाटीत ठेवलं. आता रोज टाकणार कोण?

"मी टाकतो की," नागुबाई कितीतरी दिवसांनी हसल्या. "मला तरी दुसरं काय काम हाय?"

आई रमली म्हणून युवराजचा जीव भांड्यात पडला.

मोली मात्र रमेनात. पंख मिटून एका जागी डुलत राहिल्या. सौरव म्हणाला, मीठ कमी पडतंय. युवराजने वाटी दुप्पट केली. त्याच आठवड्यात नागुबाईंचं बीपी वाढलं. डॉक्टर म्हणाले, माशांपुढे जास्त वेळ बसवा. युवराजने आईची खुर्चीच टाकीजवळ नेली. मोली आणखी मलूल झाल्या, वाटी तिप्पट झाली आणि डॉक्टरांनी आता दवाखान्यात भरती करायची भाषा काढली. युवराज हबकलाच.

"आईच्या आमटीत मीठ घालत्यास काय गं?" त्याने बायकोला विचारलं.

"मी?" पूर्णिमा फणकारली. "आत्तीस्नी वाईट वाटू नये म्हणून महिनाभर सगळं घर अळणी खातंय की!"

आपल्यावरचा आळ पुसायला तिने कंबर कसली. आधी डबे उपसले, मग फळ्या. शेवटी तिची नजर सासूच्या चंचीवर गेली. सुपारीच्या कप्प्यात सुपारी होती. तंबाखूच्या कप्प्यात जाडं मीठ होतं, आणि त्यात लोळवलेली कैरीची फोड.

"आई!" युवराज ओरडला. "माशांचं मीठ खाल्लीस?"

नागुबाई जराही कचरल्या नाहीत.

"मोलीस्नी मिठाबिगर करमत न्हाय म्हणून दुकानाला चार खेपा घातलास. माझ्या जिभंला काय पायजे, ते कधी इचारलास का रं?"

युवराजला भरून आलं. दुसऱ्या दिवशी त्याने डॉक्टरांना गाठलं आणि हुज्जत घालून आईसाठी एका भाजीत चिमूटभर मीठ मंजूर करून घेतलं. माशांचं मीठ मात्र त्याने कपाटात कुलपात ठेवलं आणि टाकायचं काम स्वतःकडे घेतलं.

पंधरा दिवसांत मोली पंख पसरून नाचू लागल्या. बीपीही उतरलं. युवराजने मोठ्या ऐटीत सौरवला फोन लावला.

"जमलं बघ! मिठाचं माप आता एकदम बरोबर—"

"कुठलं बरोबर?" मागून आवाज आला.

त्याने वळून पाहिलं. नागुबाईंनी टाकीत बुडवलेलं बोट तोंडातून काढलं आणि काळजीने मान हलवली.

"अजून लई अळणी लागतंय रं. बिचारी मासं!"